पुढचं सांगू नये

डॉक्टरबाईंना जलप्रलयातल्या तारवाची लांबी-रुंदी तोंडपाठ होती, पण पाणी ओसरलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. शास्त्र, म्हणजे बायबल, रोज वाचायचं असा निश्चय त्या अधूनमधून करायच्या. निश्चय नवा म्हणून वाचनही पहिल्या पानापासून. जगाची उत्पत्ती उत्साहात व्हायची, बागेतलं प्रकरण उरकायचं, आणि चाळीस दिवसांचा पाऊस सुरू झाला की त्या आवाजाने म्हणा किंवा दिवसभराच्या थकव्याने म्हणा, बाईंचे डोळे मिटायचे. सकाळी चष्मा उशीखाली सापडायचा आणि शास्त्र पलंगाखाली.

त्या दातांच्या डॉक्टर होत्या. दवाखाना एकटीचा. सकाळी घरातलं आवरून पळायचं, दुपारचं जेवण उभ्याने, संध्याकाळी परत येताना भाजी, आणि घरी आल्यावर शेजारीपाजारी ‘जरा बघता का’ म्हणून तोंड उघडून दारात उभे. यात वाचायचं कधी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. बाईंचा हात हातात आल्यावर त्यांनी विचारलं, "काय, वाचन कुठवर आलं?"

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

"पाण्यात आहे," मागून सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. स्वतः रोज सकाळी चहाआधी वाचायच्या आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर चिडायलाही जागा नव्हती.

घरी येताना बाई गप्प होत्या. नवऱ्याला बायकोचं गप्प बसणं सोसत नसे. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि कुठल्याही दुःखावर उपकरण शोधायचा.

"हे बघ," त्याने तिचा फोन हातात घेतला. "यात एक माणूस वाचून दाखवतो. तू फक्त कानात ऐकायचं. हात मोकळे, डोळे मोकळे. काम करता करता अध्याय संपेल."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"नको," नवरा म्हणाला आणि बोट सरकवत त्याने बायकोला एका झटक्यात पाण्यापलीकडे नेलं. "इथून ऐक. इथे एक पोरगा आहे, स्वप्नं बघणारा."

दुसऱ्या दिवशी डाव्या कानात वाटाण्याएवढा मणी घालून डॉक्टरबाई कामाला लागल्या. वाचणाऱ्याचा आवाज भरदार होता. म्हाताऱ्या बापाचा लाडका मुलगा, त्याचा सुंदर झगा, जळफळणारे थोरले भाऊ. एक दात साफ होईपर्यंत झगा घालून झाला. वेळ वाचवण्याची ही युक्ती आपल्याला आधी का सुचली नाही, असं बाईंना वाटायला लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी त्या बँक मॅनेजरच्या अक्कलदाढेकडे नीट बघायला खाली वाकल्या.

मणी सुटला आणि सरळ मॅनेजरच्या तोंडात पडला.

मॅनेजरचा जबडा इंजेक्शनने सुन्न होता. आपल्या तोंडात काही पडलंय हे त्याला कळलं नाही. त्याला फक्त ऐकू आलं.

"डॉक्टर," तो डोळे मोठे करून म्हणाला, "माझ्या टोंडाट कोणीटरी बोलटंय."

"बोलू नका. गिळू तर मुळीच नका."

"पुरुष आहे. म्हणटोय, याला मारण्यापेक्षा विकून टाकू."

"तुमच्याबद्दल नाही ते," बाई म्हणाल्या आणि चिमटा शोधू लागल्या. "आ करा. मोठा आ."

"किटीला विकायचं म्हणटोय?"

"आ करा हो."

मणी जिभेखाली गेला, तिथून गालाच्या कोपऱ्यात गेला, आणि शेवटी चिमट्यात आला तेव्हा तो भिजून गप्प झालेला होता. मॅनेजर खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून छताकडे बघत होता. इंजेक्शन मेंदूत गेलं का, असं त्याने हाताने खुणा करून विचारलं. नाही गेलं, असं बाईंनीही हातानेच सांगितलं. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून, रबरी मोजा तसाच ठेवून, अंदाजाने फोनचं बटण दाबलं. आवाज बंद व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती.

फोनने आपल्या परीने विचार केला. मणी मेला होता. ओळखीचं दुसरं कोणी आसपास आहे का, हे त्याने पाहिलं. बाहेर पेशंट बसायचे त्या खोलीत भिंतीवर एक स्पीकर होता. त्यावर दिवसभर बासरी लागायची, घाबरलेल्यांना शांत वाटावं म्हणून. फोन त्याला जाऊन मिळाला. बासरी थांबली आणि तो भरदार आवाज बाहेरच्या खोलीत बोलू लागला.

बाहेर बरीच माणसं होती. त्यांत निवृत्त न्यायाधीश होते, दाताला टोपी बसवून घ्यायला आलेले. त्यांना सगळे जजसाहेब म्हणत. आणि दाराला सगळ्यांत जवळच्या खुर्चीवर पैलवान होता. हे नाव त्याला रिसेप्शनवरच्या मुलीने ठेवलं होतं. तो व्यायामशाळा चालवायचा, दंड मांडीएवढे, आणि दाढेत पू झालेला. तो यायचा, बसायचा, आतून यंत्राचा आवाज आला की फोन आल्यासारखं करून बाहेर जायचा आणि परत यायचा नाही. गाल दर खेपेला थोडा अधिक सुजलेला असायचा. हा पू असाच वर चढला तर दवाखान्यातून हॉस्पिटलात जावं लागेल, असं बाईंनी त्याला दारातूनच बजावलं होतं.

आज यंत्र चालू होतं, पण पैलवान उठला नाही. भावांनी त्या पोराला कोरड्या खड्ड्यात टाकलं होतं आणि वर बसून जेवायला घेतलं होतं. मग वाटेने व्यापारी आले. भावांनी पोराला वर काढलं आणि विकलं. पैलवानाने सुजलेल्या गालावरचा हात काढला.

रिसेप्शनवरची मुलगी गोंधळली होती. डॉक्टरांनी मुद्दाम लावलं असेल तर बंद कसं करायचं, आणि चुकून लागलं असेल तर आत जाऊन सांगायचं कसं. तिने ठरवलं की आपल्याला काही माहीत नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा म्हातारा बाप बकऱ्याच्या रक्तात भिजवलेला झगा हातात घेऊन, पोरगा मेला समजून रडत होता. त्यांनी भिंतीकडे धाव घेऊन स्पीकरची वायर उपटली.

जजसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"बंद का केलं?" जजसाहेबांनी विचारलं.

"सॉरी, चुकून लागलं. कोणाला त्रास झाला असेल तर—"

"लागलं असेल चुकून. पण त्या पोराचं पुढं काय झालं?"

सगळ्या सुजलेल्या, दुखऱ्या, रुमाल बांधलेल्या चेहऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी लहानपणीचं संडे स्कूल आठवून पाहिलं. तिथे त्यांनी झगा रंगवला होता. झग्याच्या पट्ट्या आठवल्या. पुढचं काही आठवेना.

"सुटतो तो," त्या म्हणाल्या.

"कोण सोडवतं?"

"भाऊ येतात त्याचे."

"भावांनीच तर विकला आत्ता," जजसाहेब म्हणाले. "तुमचंच शास्त्र ना हे?"

"हो."

"मग?"

बाईंच्या आयुष्यात इतकी वर्षं प्रश्न त्या विचारायच्या आणि समोरच्याचं तोंड अडकलेलं असायचं. आज पहिल्यांदा उलटं झालं होतं.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "उद्या तुमची टोपी बसवायचीच आहे."

"मीपण येतो उद्या," पैलवान म्हणाला. तो स्वतःहून येतो म्हणाला, हे रिसेप्शनवरच्या मुलीने वहीत लिहिता लिहिता दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी घरी शिरल्या शिरल्या बाईंनी सासूबाईंना गाठलं. "आई, त्या झगेवाल्या पोराचं पुढं काय होतं हो?"

"वाच की."

"वेळ कुठाय? तुम्ही दोन वाक्यांत सांगा ना."

"दोन वाक्यांत सांगता आलं असतं तर त्यांनी इतकी पानं लिहिलीच नसती," सासूबाई म्हणाल्या आणि वर्तमानपत्र उघडून बसल्या.

बाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याशी उभं राहून शास्त्र उघडलं. पुढचा अध्याय भलत्याच माणसाचा निघाला, आणि त्यातला मजकूर तर जजसाहेबांसमोर सांगण्यासारखा मुळीच नव्हता. त्यांनी वर पाहिलं. सासूबाई वर्तमानपत्राआड हसत होत्या. "त्याच्या पुढचा घे," त्या म्हणाल्या. तेवढी एक मदत त्यांनी केली.

त्याच्या पुढच्यात पोरगा परक्या मुलखात एका अधिकाऱ्याच्या घरी चाकरीला लागला, मन लावून काम केलं, घरचा सगळा कारभार त्याच्या हाती आला, आणि अधिकाऱ्याच्या बायकोने त्याचा कपडा पुरावा म्हणून दाखवून, खोटा आळ घेऊन त्याला तुरुंगात टाकायला लावलं. दूध उतू गेलं. बाईंना जळल्याचा वास तुरुंगाचं दार लागल्यावर आला.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून जजसाहेब टोपी विसरले. "साक्ष तपासली नाही? पुरावा काय, तर एक कपडा? असा खटला माझ्यापुढे आला असता तर—"

"काही न करता आत?" पैलवान म्हणाला. त्या रागात तो आतल्या खुर्चीवर येऊन बसला आणि बाईंनी त्याची दाढ तपासून घेतली. औषधं लिहून दिली. सूज उतरली की दाढ काढायची असं ठरलं. तो निमूट हो म्हणाला, कारण त्याचं डोकं तुरुंगात होतं.

त्यानंतर दवाखान्याचं तंत्रच बदललं. दात साफ करायला सहा-सहा महिने न फिरकणारी माणसं आठवड्यात परत येऊ लागली. बँक मॅनेजर, ज्याच्या तोंडातून हे सगळं सुरू झालं, तो जेवणाच्या सुट्टीत येऊन उभ्या उभ्या विचारून जायचा, "आज कुठवर?" बाई रोज संध्याकाळी एक अध्याय वाचायच्या आणि सकाळी सांगायच्या. वाचायला बसलं की झोप यायची ती आता येत नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी जजसाहेब उलटतपासणी घ्यायचे. तुरुंगात दोन राजसेवकांची स्वप्नं त्या पोराने नेमकी कशी उलगडली, सुटलेल्या सेवकाने त्याची आठवण का ठेवली नाही, असे बारीक प्रश्न यायचे. बाई समासात पेन्सिलीने खुणा करायला लागल्या. काही ओळींपाशी त्या प्रश्नासाठी थांबायच्या आणि मग आपल्यासाठीच थांबून राहायच्या. इतकं सगळं होऊनही देव त्या पोराबरोबर होता, असं तिथे साधेपणाने लिहिलेलं होतं. दुपारी एखादी दाढ मुळापाशी तुटली आणि घाम फुटला की ती ओळ त्यांना न बोलावता आठवायची, आणि हात जरा स्थिर व्हायचा.

मग जजसाहेबांनी घोटाळा केला. त्यांनी बाजारातून शास्त्राची प्रत आणली आणि एका दुपारी त्या पोराची सगळी हकिकत शेवटापर्यंत वाचून काढली. दुसऱ्या दिवशी ते खोलीत आले ते चेहऱ्यावर निकाल घेऊनच.

"मी वाचलं," त्यांनी जाहीर केलं. "शेवट असा आहे की—"

"साहेब," पैलवान उभा राहिला. तो उभा राहिला की खोलीतला उजेड कमी व्हायचा. "तुम्ही मोठे आहात. पुढं बोलू नका."

"मी फक्त एवढंच म्हणतो की दुष्काळ पडल्यावर ते भाऊ—"

बाई आतून ओरडल्या, "जजसाहेब, मीही तिथवर आले नाहीये." आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मोज्यांसकट. खुर्चीवरचा पेशंट तोंडात आरसा धरून वाट बघत राहिला.

शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने पाटी लावली. वर ‘चपला बाहेर काढाव्यात’ होतं, त्याखाली तिने लिहिलं, ‘पुढचं सांगू नये’. जजसाहेबांना ती पाटी थेट आपल्यासाठी आहे हे कळलं. ते दुखावले, पण येत राहिले. ओठ घट्ट मिटून बसायचे, आणि कोणी काही अंदाज बांधला की छताकडे बघून गूढ हसायचे. ते हसणं पैलवानाला सहन व्हायचं नाही.

सूज उतरली. दाढ काढायचा दिवस आला. पैलवान वेळेवर हजर झाला आणि खुर्चीत बसला. बाईंनी इंजेक्शन दिलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि मग एक डोळा उघडला.

"सांगा आता. पोरगा मोठा अधिकारी झालाय, दुष्काळ पडलाय. पुढं?"

बाईंचा हात थांबला. आदल्या संध्याकाळी नवऱ्याचे कॉलेजातले पाहुणे आले होते. पाहुणे गेले, आवराआवर झाली आणि शास्त्र मिटलेलंच राहिलं.

"काल वाचायला जमलं नाही," त्या म्हणाल्या.

पैलवानाने दुसरा डोळा उघडला. मग पाय खाली सोडले. "मग उद्या येतो."

"अहो, इंजेक्शन दिलंय."

"उतरेल ते."

"आज नाही काढली तर पुन्हा सूज येईल. पुन्हा औषधं, पुन्हा हेच."

"तुम्ही सांगणार म्हणून मी बसलो होतो," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला होता. "ते चालू असलं की यंत्राकडे लक्ष जात नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर खोली भरलेली. जबडा सुन्न व्हायला अजून वेळ होता. हा वेळ दर पेशंटला लागायचा. इंजेक्शन द्यायचं आणि थांबायचं. त्या थांबण्यात बाई काय करायच्या? फोनवर कोणाच्या लग्नाचे फोटो बघायच्या, सवलतीत मिळणाऱ्या पडद्यांचे रंग बघायच्या. दिवसभरात अशी थांबणी किती येत असतील, हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता, आणि आत्ताही त्यांना तो करवला नाही.

त्यांनी मोजे काढले. पिशवीतून शास्त्र काढलं. ते पिशवीत कधीपासून राहायला लागलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बसा मागे," त्या म्हणाल्या. "मलाही पुढचं माहीत नाही. दोघं मिळून बघू."

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धान्य विकत घ्यायला दहा भाऊ त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. त्याने त्यांना ओळखलं. त्यांनी त्याला नाही. तो कडक बोलला, त्यांना हेर म्हणाला. आणि ते आपसात त्या जुन्या खड्ड्याबद्दल बोलायला लागले, याला आपली भाषा कळत नाही असं समजून. तो बाजूला गेला आणि रडला.

बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या दाराकडे सरकल्या. जजसाहेब दाराशी येऊन उभे होते, त्यांना सगळं माहीत असूनही.

अध्याय संपला तेव्हा जबडा पुरता सुन्न झाला होता. पैलवानाने बोट वर करून अजून एक मागितला. बाईंनी वाचला. बापाजवळ राहिलेला धाकटा भाऊ आला, त्याला बघून तो अधिकारी घाईने आतल्या खोलीत गेला, पुन्हा रडला, तोंड धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, जेवण वाढा.

"डोळ्यांटून पाणी येटंय," पैलवान म्हणाला. "इंजेक्शनमुळे."

"इंजेक्शन खालच्या दाढेला दिलंय."

"मग यंट्रामुळे."

यंत्र बंद होतं. बाईंनी मोजे चढवले. दाढ सहज निघाली. ती बशीत वाजली तेव्हा पैलवानाला वाटलं अजून सुरुवात व्हायची आहे.

कापूस दाबून धरून तो दारापर्यंत गेला आणि परत आला. कापसाच्या बाजूने शब्द काढत म्हणाला, "पुढचं मी नसटाना वाचू नका. उद्या माझ्या भावाला घेऊन येटो. ट्याची दाढ दुखटेय."

"त्याने सांगितलं तुम्हाला?"

"आम्ही बोलट नाही. व्यायामशाळेच्या वाटणीवरून झालं होटं. आईने सांगिटलं."

त्या संध्याकाळी बाईंना पुढचं वाचायचा मोह फार झाला. त्यांनी पान उघडलं आणि शब्द दिला होता म्हणून मिटलं. मग त्यांनी मागे जाऊन एक राहून गेलेली गोष्ट पूर्ण केली. पाणी ओसरलं, कबुतर कोवळं पान घेऊन आलं, सगळे तारवातून बाहेर पडले. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. सून वाचता वाचता मोठ्याने ऐकवायला लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन पैलवान आले. तेच दंड, तीच मान, फक्त एकाचे केस पांढरे. मधली एक खुर्ची सोडून दोघं भिंतीकडे बघत बसले. खोलीतली बाकीची माणसं जरा आवरून बसली. जजसाहेबांनी ओठ मिटले.

बाईंनी थोरल्याला आत घेतलं. धाकटा त्याच्या मागोमाग येऊन कोपऱ्यात उभा राहिला. बाईंनी दिवा लावला, आरसा फिरवला, एकेक दात ठोकून पाहिला. पुन्हा पाहिला.

"कोणती दाढ दुखतेय?"

थोरल्याने मान वळवून भावाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "माझी नाही दुखत. त्याची दुखतेय. आई म्हणाली, तो डॉक्टरकडून पळून जातो, तू जा आणि धरून बस."

"माझी कालच काढली," धाकटा म्हणाला.

"मग मला का बोलावलं?"

"मी कुठं बोलावलं? आई म्हणाली तुझी दुखतेय, तुला एकट्याला भीती वाटते."

"मला भीती?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बरीच वर्षं त्यांनी एकमेकांकडे इतका वेळ पाहिलं नसावं. थोरल्याचं तोंड अजून उघडंच होतं. धाकट्याच्या रिकाम्या हिरडीला हसू आवरताना ओढ बसली असावी, कारण त्याने गालावर हात ठेवला.

"दुखतंय?" थोरल्याने विचारलं.

"थोडं."

"बस मग. उभा का आहेस?"

धाकटा स्टुलावर बसला. स्टूल करकरलं. बाईंना आता खरं सांगून टाकायला हवं होतं की यांच्या दातांना काहीही झालेलं नाही, दोघांनी घरी जावं, बाहेर गर्दी आहे. त्याऐवजी त्यांनी मोजे काढले आणि पिशवीत हात घातला.

रिसेप्शनवरच्या मुलीने दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, बाहेर विचारतायत, यांना किती वेळ लागेल?"

डॉक्टरबाईंनी खूण काढून पान उघडलं.

"दोन अध्याय," त्या म्हणाल्या. "आणि दार उघडंच ठेव."